एकट्या राहणाऱ्या आईचं घर: आणखी एक कडी बसवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. आई ७६ वर्षांच्या. कोथरूडमधल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत एकट्या राहतात. वॉचमन फक्त रात्री असतो. शेजारच्या इमारतीतला एक फ्लॅट दिवसाढवळ्या फोडला गेला, तेव्हापासून त्यांना नीट झोप लागत नाही. तुम्ही बंगळुरूला, भाऊ अमेरिकेत. आठवडाभर पुण्यात राहून कॅमेरा, खिडक्यांना ग्रिल आणि दाराला आतून दोन भक्कम कड्या बसवायचा तुमचा बेत आहे, पंचवीस-तीस हजार खर्च करायची तयारी आहे, आणि कॅमेरा कुठला घ्यावा असं तुम्ही विचारलं आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ज्येष्ठांची घरं पाहून तिथे काय बदलावं हे ठरवणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. कॅमेऱ्याचं उत्तर खाली देते, पण आधी त्या दोन कड्यांबद्दल बोलू द्या, कारण तुमच्या यादीतली मला सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट तीच आहे.

एकट्या राहणाऱ्या बाईच्या दाराला दोन कामं असतात. नको असलेला माणूस बाहेर राहिला पाहिजे, आणि ती आत पडलेली असताना मदत आत येऊ शकली पाहिजे. आपण पहिल्या कामाचाच विचार करतो. रात्री नाईट लॅच, वरची कडी, खालची कडी, साखळी आणि बाहेर जाळीचं दार असा बंदोबस्त करून आई झोपतात, पहाटे बाथरूमला जाताना पाय घसरतो, आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली असूनही ती कामाची राहत नाही. मग अग्निशमन दलाला दार तोडावं लागतं. खुब्याचं हाड मोडलेली व्यक्ती तोवर फरशीवर पडून असते. तासाभराहून जास्त वेळ एकाच कुशीवर पडून राहिलं की दाबल्या गेलेल्या स्नायूंची हानी सुरू होते, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंग गार पडतं, पाणी कमी पडतं. पुष्कळदा पडण्यापेक्षा पडून राहणंच महागात जातं.

चोरीचं काय, असं तुम्ही म्हणाल. भीती खरी आहे, पण शेजारी काय घडलं ते नीट पाहा. दिवसा फोडला गेला तो बंद फ्लॅट. कडी-कोयंडा उचकटून आत शिरणारा बाहेर कुलूप लटकलेलं घर शोधतो. घरात बाई असताना होणारे प्रकार बहुतेक वेळा वेगळे असतात. तिथे दार फोडावं लागत नाही, बोलण्यात गुंतवून तिच्याच हातून ते उघडवून घेतलं जातं. त्याला आतली कडी उपाय नाही. दार न उघडता बाहेरच्याशी बोलता येणं, हा उपाय आहे.

म्हणून दाराची आखणी मी अशी करते. आतल्या सुट्या कड्या रात्री वापरायच्याच नाहीत. त्यांच्या जागी एकच चांगलं, दोन-तीन दांडे चौकटीत शिरणारं कुलूप घ्यायचं, ज्याला आतून फिरवायची मूठ आणि बाहेरून किल्ली असते. आतून बंद केलेलं असलं तरी बाहेरून किल्लीने उघडलं पाहिजे, ही अट दुकानदाराला स्पष्ट सांगा. इथे दोन ठिकाणी फसगत होते. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारी काही कुलपं अशी असतात, की आत किल्ली अडकवून ठेवली तर बाहेरची किल्ली फिरत नाही, आणि घरातली माणसं तर रात्री किल्ली आतच लावून ठेवतात. दुसरं म्हणजे बऱ्याच नाईट लॅचना आतून एक छोटं बटण असतं. ते सरकवलं की बाहेरची किल्ली निकामी होते. सध्याचं लॅच असं असेल तर ते बटण काढून घ्या किंवा कायमचं अडकवून टाका. जाळीच्या दाराचंही हेच, नाहीतर आतलं दार उघडेल आणि बाहेरचं अडवून धरेल. सगळं बसवून झालं की आईंना आत ठेवून, रात्री बंद करतात तसं दार बंद करायला सांगा आणि बाहेरून किल्लीने उघडून बघा. ही चाचणी शेजारच्या काकूंच्या हातून करून घ्या, तुमच्या नव्हे. प्रसंग आला तर उघडायचं त्यांना आहे.

कोयंड्याची पट्टी चौकटीत किती खोल धरली आहे, हेही पाहा. जुन्या चौकटींमध्ये अर्ध्या इंचाचे स्क्रू असतात आणि उचकटताना तेच आधी सुटतात. तिथे तीन इंची स्क्रू थेट चौकटीच्या लाकडात गेले की दाराची ताकद वाढते, आणि बाहेरून किल्लीने उघडण्याची सोयही तशीच राहते. दोन नव्या कड्यांचे पैसे इथे घाला.

डिजिटल कुलूप घ्यावं का? तुमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांना त्याचा खरा फायदा आहे. किल्ली कुणाकडे आहे याचा शोध न घेता फोनवरून कोड सांगता येतो आणि नंतर तो बदलता येतो. पण दार किमान दीड इंच जाड हवं, सेल उतरले तर उघडायला साधी किल्ली हवी, आणि आतून दाबलं की बाहेरचा कोड बंद करणारं बटण असेल तर ते आईंनी वापरता कामा नये. बोटांचे ठसे उतारवयात पुसट होतात आणि कोरड्या त्वचेवर वाचले जात नाहीत. ठशावर विसंबू नका, कोडच ठेवा.

किल्ल्या तीन जणांकडे हव्यात: त्याच मजल्यावरचं एक घर, इमारतीतलं किंवा गल्लीतलं दुसरं एक घर, आणि पंधरा-वीस मिनिटांत पोचू शकणारं नातेवाईक. एकाच घरी किल्ली ठेवली आणि ते लग्नाला गावी गेले, की व्यवस्था कोसळते. किल्लीला फ्लॅटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधू नका.

बाहेरच्याशी बोलण्यासाठी जाळीचं दार तुमच्याकडे आहेच, त्याचा उपयोग करा. आतलं लाकडी दार उघडायचं, जाळीचं बंदच ठेवायचं, आणि कुरिअरवाल्याला पाकीट जाळीच्या फटीतून द्यायला किंवा खाली ठेवायला सांगायचं. जिन्यात दिव्याचा उजेड नसेल तर जाळीतून काहीच दिसत नाही, तो दिवा सोसायटीकडून लावून घ्या. लाकडी दाराचं पीपहोल बहुतेक वेळा सुताराच्या उंचीला बसवलेलं असतं. आईंच्या डोळ्यांच्या रेषेत नवं भोक पाडून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आता बाथरूम. तुमच्या बजेटचा मोठा वाटा मी इथे घालीन.

जुन्या इमारतींत संडास आणि बाथरूम वेगळे, दोन्हींची दारं आत उघडणारी, आणि जागा एवढी कमी की आत पडलेल्या माणसाचं अंग दारालाच अडतं. बाहेरून ढकललं तर तिलाच लागतं. सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय असा, की घरात त्या एकट्या असताना आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं. कित्येक बायकांना हे अवघड वाटतं, आयुष्यभराची सवय असते. त्यांना जबरदस्ती करू नका. कडी काढून तिथे बाहेरून नाण्याने फिरवता येणारं बाथरूमचं कुलूप बसवा. दार बाहेर उघडणारं करता आलं तर उत्तमच. मात्र सुताराला आधी चौकटीची खाच दाखवा. ती आतल्या बाजूला असते, त्यामुळे नुसते बिजागर उलटे करून दार नीट बसत नाही, खाचेची पट्टीही दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते. पॅसेज अरुंद असेल तर पीव्हीसीचं घडीचं किंवा सरकतं दार घ्या.

आधाराचे दांडे हवेतच, पण ते नीट बसणं महत्त्वाचं. दांडा सव्वा ते दीड इंच व्यासाचा, मुठीत पूर्ण मावणारा, भिंतीपासून दीड इंच सुटा. त्याहून जास्त सुटा असेल तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकतो. कमोडच्या बाजूला जमिनीपासून साधारण २८ इंचांवर आडवा दांडा, कमोडच्या पुढच्या कडेच्याही थोडा पुढे आलेला, कारण उठताना माणूस आधी पुढे झुकतो. बाथरूममध्ये शिरताना उंबऱ्यापाशी दीड फुटाचा उभा दांडा, मध्य जमिनीपासून सव्वातीन फुटांवर. आईंना जागेवर उभं करून, हात सहज कुठे जातो ते बघून पेन्सिलची खूण करा आणि मगच भोक पाडा. माझे आकडे सुरुवातीला धरायला आहेत, शेवटचं माप त्यांच्या हाताचं.

चूक होते ती स्क्रूमध्ये. दांड्यासोबत येणारे स्क्रू दीड-दोन इंचांचे असतात. टाइल आणि तिच्यामागचा सिमेंटचा थर मिळून एक ते सव्वा इंच होतो, म्हणजे स्क्रूचं जेमतेम टोक विटेत जातं. रोजच्या वापरात दांडा घट्ट वाटतो, आणि ज्या दिवशी सगळं वजन एकदम येतं त्या दिवशी टाइलसकट निघतो. विटेत किमान दोन इंच गेलं पाहिजे, म्हणून तीन-साडेतीन इंची स्क्रू आणि तेवढेच लांब नायलॉनचे प्लग आणवा. जुन्या इमारतींत बाथरूमची आतली भिंत अर्ध्या विटेची असते. तिच्यात खोल ड्रिल गेलं तर पलीकडे फुटतं. पलीकडची बाजू पॅसेजची असेल तर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी देणं सर्वांत पक्कं. नव्या इमारतींत हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे साधे प्लग धरत नाहीत, केमिकल अँकर लागतो. टाइलमध्ये ड्रिल हॅमर बंद ठेवून चालवायचं, विटेत शिरल्यावर हॅमर सुरू करायचा. नळांच्या सरळ वर-खाली पाइप असण्याची शक्यता जास्त, ती रेषा टाळायची. काम झालं की प्लंबरला दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळायला सांगा. तो कचरत असेल तर काम पुन्हा करून घ्या.

रबरी कप चिकटवून बसणारे दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात. घेऊ नका. कपाखाली हळूहळू हवा शिरते आणि तो काही न कळवता सुटतो. टॉवेलची दांडी आणि वॉशबेसिनची कड हेही आधार नाहीत. आई सध्या त्यांनाच धरत असतील. नवा दांडा कुठे हवा हे त्यावरूनच कळतं.

आंघोळ पाटावर बसून होत असेल तर ती सवय बदलायला हवी. पाटावरून उठणं हा गुडघ्यांसाठी दिवसातला सर्वांत कठीण क्षण, आणि तोही ओल्या फरशीवर. सतरा-अठरा इंच उंचीची, पायांना रबरी टोप्या असलेली, पाठीची खुर्ची घ्या. खुर्चीत बसलं की जमिनीवरची बादली खोल जाते, मग वाकून तांब्या भरताना तोल जातो, म्हणून बादलीखाली भक्कम स्टूल ठेवा. हँड शॉवर बसवता आला तर बादलीच नको. बादली वापरली तर आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम भाजण्यापासून वाचवतो. गीझरची उष्णता ५० अंशांच्या आसपास ठेवा. पाण्यात टाकायचा हीटर रॉड घरात असेल तर तो काढून टाका, आणि गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर या आठवड्यातलं पहिलं काम तेच. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बेशुद्धी येईपर्यंत कळत नाही.

फरशीचं मी थोडक्यात सांगते. गुळगुळीत टाइलवर घसरण रोखणारं रासायनिक द्रावण लावून मिळतं किंवा खरखरीत पट्ट्या चिकटवता येतात. पण साबणाचा थर आठवड्याला घासला नाही तर दोन्ही निकामी. कापडी पायपुसणं सगळीकडून काढा, खाली रबर असलेलं एकच ठेवा. उंबरठ्यावरची रांगोळी आणि देवघरासमोर सांडलेला तेलाचा थेंबही घसरवतो. रांगोळी बंद करायला सांगू नका, ती पायवाटेच्या बाजूला काढायला सांगा.

रात्रीचा प्रवास पलंग ते संडास एवढाच, पण अर्धवट झोपेत. पलंगाची उंची अशी हवी की कडेला बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील. उठल्यावर मिनिटभर कडेला बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांमुळे उभं राहताच रक्तदाब एकदम खाली जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पिशवी नेऊन दाखवा आणि बसून व उभं राहून असा दोन्हीदा रक्तदाब मोजायला सांगा. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी घेता येईल का, हेही विचारा. स्वतःहून काही बदलू नका. चाहूल लागताच पेटणारे छोटे दिवे पलंगाच्या पायाशी, पॅसेजमध्ये आणि संडासाच्या दाराशी लावा. गाऊन घोट्याच्या वर, आणि मागून पट्टा असलेल्या चपला.

पडल्यावर मदत कशी बोलवायची, याचं एकच साधन पुरेसं नाही. फोन टेबलावर राहतो आणि माणूस फरशीवर असतो. माझ्या पसंतीचं साधन स्वस्त आहे: कॉर्डलेस डोअरबेल. तिचा घंटा वाजणारा भाग शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये आणि बटण आईंच्या बाथरूममध्ये, जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर, म्हणजे पडल्यावरही हात पोचेल. दुसरं बटण पलंगाशेजारी, तेवढ्याच उंचीवर. विकत घेण्याआधी मधल्या भिंतींतून सिग्नल जातो का ते पाहा, पाकिटावरचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. बटणातली बॅटरी गुढीपाडव्याला आणि दिवाळीला न चुकता बदलायची. दर रविवारी ठरलेल्या वेळी एकदा वाजवून पाहायचं.

फोन गळ्यातल्या पाकिटात ठेवायला लावा, आंघोळीलाही, प्लास्टिकच्या पाकिटात. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो. सेटिंगमध्ये ते सुरू करून द्या. पडल्याचं ओळखणारी घड्याळं चांगली आहेत, पण ती रोज किंवा दोन दिवसांआड चार्ज करावी लागतात आणि हळूहळू घसरत खाली बसलेलं माणूस त्यांना कळेलच असं नाही. आई ती उत्साहाने वापरणार असतील तर घ्या.

यासोबत एक रोजची खूण ठरवा. सकाळी साडेआठपर्यंत दुधाची पिशवी दारालाच लटकलेली दिसली तर शेजारच्यांनी बेल वाजवायची, दोन मिनिटं थांबायचं, फोन करायचा, आणि उत्तर नसेल तर किल्लीने दार उघडायचं. चौथी पायरी ठरलेली नसते म्हणून लोक अडतात: “उगाच कसं शिरायचं?” आईंनी स्वतः त्यांना सांगितलं पाहिजे की अशा वेळी शिरा. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत कागद लावा: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, तुमचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, चालू गोळ्या, ॲलर्जी.

पडल्यावर उठायचं कसं, हे आधी शिकवता येतं, पण जमिनीवर गादी घालून आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत. आधी हालचाल न करता दुखतंय का पाहायचं. कुशीवर वळायचं, गुडघ्या-हातांवर यायचं, जवळच्या खुर्चीपर्यंत रांगत जायचं, हात खुर्चीवर टेकून ताकदीचा पाय पुढे ठेवायचा आणि वळून बसायचं. खुब्यात तीव्र वेदना असेल किंवा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचा प्रयत्नच करायचा नाही. बटण दाबायचं आणि हाताला येईल ते पांघरूण अंगावर ओढायचं.

स्वयंपाकघर. सिलिंडर असेल तर केशरी सुरक्षा नळी तपासा, तिच्यावर मुदत छापलेली असते. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. गळतीची घंटा लावायची असेल तर सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीपासून फूटभर उंचीवर लागते. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, तिथे छताखाली फूटभर. चुकीच्या उंचीवरची घंटा उशिरा वाजते. वास आला तर कुठलंही बटण, पंख्याचंसुद्धा, चालू किंवा बंद करायचं नाही. खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि सिलिंडरसाठी १९०६ ला फोन करायचा. दूध उतू जाण्याचे किंवा भांडं करपण्याचे प्रकार वाढले असतील तर टायमर असलेली इंडक्शन शेगडी घ्या. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नायलॉनचा पदर आणि निरांजन यांची गाठ पडू नये म्हणून देवघर हातांच्या उंचीवर, वाकावं न लागेल असं ठेवा. रोज लागणारं सामान माळ्यावरून आणि वरच्या फळीवरून खाली आणा, आणि स्टूल घराबाहेर काढा. स्टूल दिसलं की चढलं जातं.

विजेचं एकच सांगते. मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. जुन्या घरांत नुसते एमसीबी असतात. ते वायर जळण्यापासून वाचवतात, शॉकपासून नाही. अर्थिंगही मोजून घ्या.

ग्रिलबद्दल. बसवा, पण प्रत्येक खिडकीला पूर्ण बंद पिंजरा नको. बाल्कनीच्या किंवा बेडरूमच्या ग्रिलमध्ये माणूस निघेल एवढी, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच उघडणारी झडप ठेवून घ्या. तिच्या कुलपाची किल्ली आतच, हाताशी येईल पण बाहेरून हात घालून पोचणार नाही अशा जागी. घरात आग लागली आणि मुख्य दाराची वाट बंद झाली तर अग्निशमन दलाला आईंना बाहेर काढायला तेवढीच वाट उरते.

आता कॅमेरा. कंपनीपेक्षा जागा आणि कारण ठरवा. व्हिडिओ डोअरबेल मी आधी घेईन, कारण आई दाराशी न जाता, दार न उघडता कोण आहे ते पाहून बोलू शकतात आणि तुम्हीही बंगळुरूहून बोलू शकता. हॉलमध्ये एक कॅमेरा, मुख्य दार आणि पॅसेजचं तोंड दिसेल असा, पण आई स्वतः हो म्हणाल्या तरच. बेडरूम आणि बाथरूमच्या दिशेला नाही. वीज गेली की वायफाय जातं आणि कॅमेरा आंधळा होतो, म्हणून राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस घ्या. पेटीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि हे धरून चाला, की कॅमेरा घडलेलं दाखवतो. तुम्ही मीटिंगमध्ये असताना आई पडल्या तर तो धावून जात नाही, किल्लीवाले शेजारी जातात.

दारातून आणि फोनमधून होणारी फसवणूक मी घराच्या सुरक्षिततेतच धरते. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालणारे दोन प्रकार आईंना नावाने सांगून ठेवा. दागिने पॉलिश करून देतो म्हणणारे, आणि रस्त्यात “पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा” म्हणणारे तोतया पोलीस. खरा पोलीस दागिने काढायला सांगत नाही. फोनवरचा नवा प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. एकट्या बाईला तासन् तास कॉलवर अडकवून ‘कुणाला सांगू नका’ म्हणतात, आणि तिला विचारायला घरात कुणी नसतं म्हणून ते चालतं. एक वाक्य ठरवा: “मुलीला विचारून सांगते,” आणि लगेच फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, तत्काळ कळवायचं, पहिले काही तास मोलाचे असतात. त्याआधीची व्यवस्था बँकेत करा. यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे, रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी केलेली. मुदत ठेवी दुसऱ्या खात्यात, ज्याला नेट बँकिंग नाही. ऑनलाइन मोडता येणारी ठेव फसवणारे तिच्याच हातून मोडून घेतात.

पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद होते, ती आईंना सोबत घेऊन जाऊन करा. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. घरकामाच्या बाईंचीही माहिती पोलिसांकडे द्यावी, पण ती त्यांना विश्वासात घेऊन. आई पडल्या तर सकाळी सर्वांत आधी बेल वाजवणाऱ्या बहुधा त्याच असतील. दार उघडलं नाही तर परत न जाता कुणाला सांगायचं, हे त्यांना माहीत असलं पाहिजे.

सात दिवसांत हे सगळं बसतं, पण क्रम पाळा. पहिले दोन दिवस काहीच बसवू नका. आईंच्या मागे-मागे राहून त्या कुठे हात टेकतात, कुठे थबकतात ते पाहा आणि त्यांनाच विचारा की कुठल्या वेळी भीती वाटते. मग दाराचं कुलूप आणि किल्ल्या, त्यानंतर बाथरूम, बेल आणि दिवे. इलेक्ट्रिशियन व गॅस, मग बँक. ग्रिल आणि व्हिडिओ बेल शेवटी. आईंनी एखादी गोष्ट ठाम नाकारली तर ती सोडा. मनाविरुद्ध बसवलेली वस्तू तुम्ही गेल्यावर वापरली जात नाही.

या सगळ्यावर एक अट आहे, आणि ती तुम्हाला घरी गेल्यावरच कळेल. सतरा इंची खुर्चीत, हात छातीवर घडी करून, आईंना तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा, भिंतीला खुर्ची टेकवून आणि शेजारी उभं राहून. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमत असेल तर पायांची ताकद कमी आहे. फिजिओथेरपी लगेच सुरू करा, महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो. हाडांची घनता तपासलेली नसेल तर त्याच फेरीत डेक्सा करून घ्या. पण गेल्या सहा महिन्यांत दोनदा पडणं झालं असेल, गॅस पुन्हा पुन्हा चालू राहत असेल, किंवा गोळ्या घेतल्या की नाही हे आठवत नसेल, तर उपकरणं वाढवून भागणार नाही. तेव्हा रात्रीच्या मुक्कामाला कुणी ठेवण्याचा विषय त्याच आठवड्यात आईंशी बोला, आणि परतीचं तिकीट चार दिवस पुढे ढकलता येत असेल तर ढकला.